दार नसलेल्या गावातले कुलूप

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

मी शनिशिंगणापूरची, एवढे सांगितले की समोरच्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. "खरंच तुमच्या घरांना दारं नाहीत?" "नाहीत." "मग चोऱ्या होत नाहीत?" या प्रश्नाला गावात एक उत्तर मिळते आणि वर्तमानपत्रात दुसरे, म्हणून मी नुसती हसते. प्रथम वर्षाला असताना कॅन्टीनमध्ये एका मैत्रिणीने तिसराच प्रश्न काढला. "मग तुझ्या मोबाईललाही लॉक नसेल!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण चहा संपेपर्यंत माझे लक्ष पिशवीतल्या मोबाईलकडेच होते. कारण त्याला लॉक होते, आणि त्या लॉकवरून आदल्याच रात्री आमच्या घरात महाभारत झाले होते. हा लेख त्या महाभारताविषयी आहे.

ज्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना घोडेगाव लागते, तेथून आत वळायचे. तालुका नेवासा. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण एस.टी.त बसल्यावर माणसे अजून "एक नगर द्या" असेच म्हणतात. गावात शनिदेवाची साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. पानसनाल्याला पूर आला, त्या पुरात ही शिळा वाहत आली आणि देवाने स्वप्नात येऊन 'मला छप्पर नको' असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. देवालाच छप्पर नाही तर आपल्याला दार कशाला, गाव तो सांभाळतोच आहे, अशी श्रद्धा. म्हणून घराला चौकट असते, दार नसते. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून कोणी फळी टेकवतात, कोणी पडदा सोडतात. 'कडी' आणि 'कोयंडा' हे शब्द मी शाळेच्या पुस्तकातच पहिल्यांदा वाचले, असे म्हटले तर खोटे होणार नाही.

२०११ साली युको बँकेची शाखा गावात सुरू झाली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून तिची बातमी देशभर छापून आली. पण बँक ती बँकच. पुढे काचेचे दार आणि त्याला चटकन डोळ्यांत न भरणारे, विजेवर चालणारे कुलूप अशी तोड तिने काढली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही झाले. म्हणजे 'आमच्याकडे कुलूप नाही' हे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि कुलूप लागलेच तर ते दिसू नये एवढी काळजीही घेतो. हे मी टीका म्हणून सांगत नाही. पुढे माझ्यावरही तीच वेळ आली, म्हणून सांगते.

आता मोबाईलकडे वळते. (आमचे मराठीचे सर त्याला 'भ्रमणध्वनी' म्हणतात. पण 'सर, भ्रमणध्वनीचं चार्जिंग संपलं' असे म्हणण्याचे धैर्य अद्याप वर्गात कोणाला झालेले नाही.) आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. दादा बारावीनंतर कामाला लागला. मी बारावी पास झाले त्या वर्षी कांद्याची पट्टी बरी आली आणि अण्णांनी अकरा हजारांचा मोबाईल आणून माझ्या हातात दिला. म्हणाले, "याच्यात अभ्यास कर."

अभ्यास त्याच्यात होतोच, पण ताप किती होतो हे ज्याचे त्याला ठाऊक. वर्गाच्या ग्रुपवर सकाळी साठ 'शुभ सकाळ' येतात आणि त्यांच्या ढिगाऱ्यात तोंडी परीक्षेची तारीख गाडली जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे तर ओ.टी.पी. येईपर्यंत पान बंद पडते, आणि पान पुन्हा उघडेपर्यंत ओ.टी.पी. शिळा होतो. शनिअमावास्येला गावात एवढी गर्दी लोटते की एस.टी. वेळेवर येत नाही आणि 'बस आली नाही' हे मैत्रिणीला कळवावे तर रेंजही येत नाही. अशा वेळी बसथांब्यावर उभे राहून वाटेत गाड्यांना लटकणारे लटकू पाहत बसणे, एवढाच उद्योग हाती उरतो. पण या सगळ्या किरकोळ तक्रारी झाल्या. त्या तुम्हालाही आहेत. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

मोबाईल आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला लॉक लावले. वर्गातल्या सगळ्याच मुलींनी लावले होते म्हणून मीही लावले, यापेक्षा अधिक विचार त्यात नव्हता. पुढे कित्येक दिवस ते कोणाच्या लक्षात आले नाही. मग एका रात्री अण्णांना बाजारभाव पाहायचे होते. त्यांनी फळीवरचा मोबाईल उचलला, काचेवर बोट फिरवले, तर तो उघडेना.

"हे काय गं?"

"लॉक आहे, अण्णा."

आजी कोपऱ्यात जप करीत होती, ती थांबली. "आपल्या गावात कुलूप? देवाला चालंल का ते?"

अण्णा देवाचे काही बोलले नाहीत. त्यांनी एकच विचारले, "तुला काय लपवायचंय?"

मला उत्तर सुचले नाही. लपवण्यासारखे खरोखरच काही नव्हते. पण 'काही नाही' असे म्हटले असते तर 'मग काढ लॉक' हे ओघानेच आले असते. मी म्हटले, "दादाच्या मोबाईललाही आहे की." हे मात्र चुकले. दादाच्या मोबाईलला दोन वर्षांपासून अंगठ्याचे लॉक होते आणि घरात कोणीही त्याला ते विचारले नव्हते. अण्णा म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी." वेगळी कशी, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दादा मान खाली घालून जेवत राहिला. शेवटी ठरले ते असे की लॉक ठेवायचे असेल तर मोबाईल घरी ठेवायचा, आणि मोबाईल कॉलेजला न्यायचा असेल तर लॉक काढायचे. कॅन्टीनमधला प्रश्न दुसऱ्या दिवशीचा. त्याच आठवड्यात मी लॉक काढून टाकले.

पुढचे लिहायला हात जड होतो. पण ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझी एक मैत्रीण आहे. तिचे नाव, गाव, काहीच लिहीत नाही. तिच्या घरी स्थळे पाहणे सुरू झाले होते. तिला बी.ए. पूर्ण करायचे होते. घरी बोलायची तिची छाती नव्हती, म्हणून ती रात्री मला लिहायची. काय करू, कोणाला सांगू, आपल्या बाई घरी येऊन बोलतील का, असे. एका रविवारी मी धुणे धुवायला गेले होते आणि मोबाईल घरात फळीवर होता. नात्यातल्या एक काकू पडदा सारून आत आल्या. आमच्याकडे 'आत येऊ का' असे विचारण्याची पद्धत फारशी नाही, कारण ठोठवायला दारच नाही. मोबाईल वाजला, त्यांनी तो सहज हातात घेतला आणि सहज वाचला. त्यांच्या मनात काही वाईट होते असे मी आजही म्हणत नाही. भांड्यावरचे झाकण उघडून 'आज काय भाजी केली' असे पाहावे, तितक्या सहजपणे त्यांनी ते पाहिले. पण संध्याकाळपर्यंत ते बोलणे तीन घरे फिरले, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरी पोहोचले.

ती महिनाभर कॉलेजला आली नाही. सुदैवाने ते स्थळ काही कारणाने मोडले आणि परीक्षेला ती बसली. आता येते. माझ्याशी बोलतेही. पण पूर्वीसारखे काही सांगत नाही. आणि ती सांगत नाही यात तिचे काय चुकले?

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सापडले. मला माझे काही लपवायचे नव्हते. दुसऱ्याने माझ्याकडे ठेवायला दिलेले मला सांभाळायचे होते. शेजारणीने गावाला जाताना पाटल्या ठेवायला दिल्या तर आई त्या धान्याच्या कणगीत तळाशी ठेवील. उघड्या कोनाड्यात ठेवणार नाही. तेव्हा कोणी तिला 'तुला काय लपवायचंय' असे विचारील का? मैत्रिणीचा शब्द पाटल्यांपेक्षा हलका असतो, असे कोणी म्हणू नये.

तृतीय वर्षाच्या एका ताईने मला राज्यशास्त्राच्या तासाला झालेली एक गोष्ट सांगितली, ती नंतर मी स्वतः वाचली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे आणि तो राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. तो खटला न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि आधारविरुद्ध न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. हा निकाल सरकार आणि नागरिक यांच्यातला, काकू आणि पुतणी यांच्यातला नव्हे, हे मला कळते. अण्णांपुढे २१ वे कलम वाचून दाखवण्याइतकी मी खुळी नाही. पण ऐंशीच्या पुढच्या माणसालाही ही गोष्ट लढण्याजोगी वाटली, तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलीला ती वाटली तर तिला फाजील म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे.

'दार नाही म्हणजे सगळे सगळ्यांना खुले' असा आपला समज असतो. तोही मला आता पटत नाही. आमच्या गावाला दारे नव्हती, तरी शनीच्या चौथऱ्यावर बायकांना जाता येत नव्हते. ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, न्यायालयाच्या निकालानंतर आणि पुष्कळ आंदोलनानंतर तो बायकांना मोकळा झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. गाड्या, पोलीस, कॅमेरे एवढेच आठवते. म्हणजे दार न लावताही एखाद्याला बाहेर ठेवता येते, आणि दार नसल्यामुळे एखाद्याला आत स्वतःपुरते बसताही येत नाही. आमच्या घरात कपडे बदलायचे तर बहिणीने नाहीतर आईने पडद्यापाशी उभे राहावे लागते. रडायचे असेल तर रानात जावे लागते. हे मुलांना कळणार नाही. त्यांना रडायला जागा लागत नाही, असे आपण धरूनच चालतो.

मी लॉकची बाजू घेते म्हणून लॉकने सगळे सुरक्षित होते असे मात्र मुळीच नाही. माझ्या एका चुलत्यांच्या मोबाईलला चांगले सहा आकडी लॉक होते. एके दिवशी फोन आला, 'तुमच्या खात्याची माहिती जुनी झाली आहे, आलेला नंबर सांगा.' त्यांनी सांगितला. कांद्याचे नऊ हजार चारशे रुपये गेले. अशा वेळी ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा असतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. मला कळले तेही दोन दिवसांनी. आमच्या देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचा विषय तर जुलै २०२५ मध्ये विधानसभेत निघाला. ज्या गावात चोराने पाऊल टाकले तर तो आंधळा होतो असे म्हणतात, तेथे आता चोराला पाऊल टाकावेच लागत नाही. तेव्हा कुलूप लावून निर्धास्त झोपा, असे माझे म्हणणे नाही. मोबाईलचे लॉक चोरासाठी थोडेच असते. ते बहुतेक वेळा आपल्याच माणसांसाठी असते, आणि म्हणूनच त्यावरून भांडण होते.

मग आपल्या माणसांवर अविश्वास का, असे वाचक विचारतील. आजीनेही तेच विचारले होते. मी तिला जे सांगितले तेच येथे सांगते. आपल्या गावाचा कायदा काय आहे? दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता उचलायची नाही. एवढा एक कायदा पाळला म्हणून इतकी वर्षे दारावाचून भागले. दारे नव्हती म्हणून गाव मोठे झाले नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावण्यामुळे मोठे झाले. मग दुसऱ्याला आलेले पत्र ही वस्तू नव्हे का? न विचारता वाटीभर साखर घेतली तर ती चोरी, आणि न विचारता मनातले घेतले तर ती काळजी, हा कुठला न्याय? ज्या दिवशी आमच्या घरात माझा मोबाईल फळीवर पडून वाजेल आणि 'तिचा आहे, ती आली की बघील' असे सगळे म्हणतील, त्या दिवशी मी लॉक आनंदाने काढीन. शनिदेवाच्या गावाला शोभेल असे वागणे तेच होईल. तोवर मात्र लॉक राहील.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूर्वी कागद यायचा माहेरचा. तुझा आजा सगळ्यांदेखत वाचायचा. मला वाचता येत नव्हतं ना." एवढेच म्हणाली आणि पुन्हा जप करू लागली.

अण्णांनी चूक झाली असे म्हटले नाही, आणि वडील तसे म्हणतही नसतात. मैत्रिणीच्या घरचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. एका सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा ते म्हणाले, "लॉक लावून घे. बाजारभाव मी दादाच्या मोबाईलवर बघत जाईन." मी चप्पल घालता घालता मान हलवली. एस.टी.त बसल्यावर लॉक लावले.

याहून मोठी गोष्ट आईची. दादाने नवा मोबाईल घेतल्यावर जुना आईला दिला होता. दिवाळीच्या सुटीत ती मला म्हणाली, "माझ्यालाही लाव." मी चकित झाले. दादाने सोय म्हणून अंगठ्याचे लॉक लावायला घेतले, पण आईचा अंगठा काही केल्या उमटेना. बोटावरच्या बारीक रेघांचे उंचवटे आणि खाचा ओळखून ते यंत्र चालते, आणि खुरपणी व कांदाकाटणी करून आईच्या अंगठ्यावर त्या रेघा धड राहिलेल्याच नाहीत. रेशनच्या यंत्रावरही तिचे तसेच होते, चार वेळा पुसून पाचव्यांदा दाबावा लागतो. पूर्वी सही न येणाऱ्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसत. आज शिकलेली माणसे अंगठ्याने कुलूप उघडतात, आणि जिचा अंगठा कामाने झिजला तिला ते उघडत नाही!

मग मी तिला नऊ ठिपक्यांची नक्षी शिकवली. कमीत कमी चार ठिपके जोडायचे. अशा एकूण ३ लाख ८९ हजार ११२ नक्ष्या होतात, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "रांगोळीत याच्याहून जास्त होतात." तिने माझ्याकडे पाठ केली आणि आपली नक्षी काढली. मला दाखवली नाही.

"आई, तुला कशाला गं लॉक?" मी विचारले. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली, कारण अण्णांचाच प्रश्न मी वेगळ्या आवाजात विचारला होता.

पण आईने उत्तर दिले. ती बचत गटाचा हिशेब ठेवते. कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता थकला, कोणी नवऱ्याला न सांगता मुलीच्या फीसाठी पैसे घेतले, हे सगळे बायका तिला मोबाईलवर बोलून पाठवतात. "त्यांनी माझ्या भरवशावर सांगितलं," आई म्हणाली. "ते घरात कोणीबी ऐकावं व्हय?"

मी कॉलेजात दोन वर्षे घालवून आणि एका मैत्रिणीचा विश्वास गमावून जे शिकले, ते चौथी शिकलेल्या आईला आधीच ठाऊक होते. तिला फक्त लॉक कसे लावायचे हे ठाऊक नव्हते. तेवढे माझ्या शिक्षणाने तिला दिले, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या घराला अजूनही दार नाही, आणि ते बसवा असे मी म्हणणार नाही. आजीच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण पुढे कोणी मैत्रीण कॅन्टीनमध्ये विचारील, "मग तुझ्या मोबाईललाही लॉक नसेल!" तर मी हसून विषय टाळणार नाही. आहे, म्हणून सांगीन. आणि आपल्या घरी मुलीच्या, बहिणीच्या मोबाईलला लॉक दिसले तर 'काय लपवतेस' असे विचारण्याआधी क्षणभर थांबा, एवढी विनंती माझ्या वर्गबंधूंना करीन. कदाचित ती तिचे काहीच लपवत नसेल. कोणीतरी तिच्याजवळ काहीतरी ठेवायला दिले असेल.